हळद-कुंकवाच्या रंगाची घरगुती लग्नपत्रिका
लग्नात पैसा फार जातो. पत्रिका तरी घरी करता येतात. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वर्ध्यातच १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातकागदाला उत्तेजन दिले. या दोहोंचा मेळ घाला.

जाड हातकागद घ्यावा. मजकुराची जागा कोरी सोडून कडेला पाण्यात कालवलेली हळद फडक्याने लावावी. कागद सावलीत वाळवावा. मग काडीने खायच्या चुन्याची निवळी घेऊन हळदीवर वेलबुट्टी काढावी. रेघ कुंकवासारखी लालसर उमटते. आधी तुकड्यावर करून पाहावे. हळद उन्हात विटते, म्हणून पत्रिका पेटीत ठेवाव्यात.

सर्वांना नको, पहिली कुलदैवताला, बाकी मामा-आत्यांच्या घरी. वाचलेला पैसा लेकीच्या नावे पोस्टात टाकावा.