लेखाव्यवसायातील तीन वाटा : निवडीचा निकष कोणता?

बारावी किंवा पदवीनंतर लेखाव्यवसायाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर सीए, सीएमए आणि सीएस असे तीन प्रमुख पर्याय असतात. या तीनही पात्रता संसदेच्या स्वतंत्र कायद्यांखालील संस्था प्रदान करतात. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, परिव्यय लेखापालांचा १९५९ चा, तर कंपनी सचिवांचा १९८० चा आहे.

यांपैकी श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वस्तुतः या तिघांची कामे परस्परांहून भिन्न आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या मोठ्या सिमेंट कंपनीचे उदाहरण घेऊ. तिचा ताळेबंद व नफा-तोटा पत्रक आर्थिक स्थितीचे खरे चित्र दाखवितात का, याविषयी लेखापरीक्षक अभिप्राय देतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४१ नुसार हे काम केवळ सनदी लेखापालच करू शकतो. एक टन सिमेंटमागे कोळसा, वीज व मजुरीवर किती खर्च झाला, याच्या नोंदी कलम १४८ अन्वये परिव्यय लेखापाल तपासतो. सभा, ठराव व विवरणपत्रे यांबाबत कायद्याचे पालन झाले का, याची तपासणी कलम २०४ अन्वये कंपनी सचिवाकडे असते. म्हणूनच आपली रुची हिशेबांच्या पडताळणीत आहे, उत्पादनखर्चाच्या विश्लेषणात आहे की कायद्याच्या अभ्यासात आहे, हे विद्यार्थ्याने प्रथम ठरवावे.

दुसरा विचार कालावधीचा. सीएच्या २०२३ मधील नव्या योजनेत प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. वाणिज्य पदवीधरास ५५ टक्के, तर अन्य शाखांच्या पदवीधरास ६० टक्के गुण असल्यास प्राथमिक परीक्षेविना थेट मध्यम पातळीवर प्रवेश मिळतो.

परीक्षेचा नियमही समजून घ्यावा. सीएच्या मध्यम व अंतिम परीक्षांत प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि गटात एकूण ५० टक्के गुण लागतात. गटातील सर्व विषयांत प्रत्येकी ४५ गुण मिळविणारा विद्यार्थी अनुत्तीर्णच ठरतो. एखाद्या विषयाची तयारी कच्ची राहिली, तर ती उणीव इतर विषयांतील गुणांनीच भरून काढावी लागते. त्यामुळे अनेकांना पुन्हा पुन्हा परीक्षेस बसावे लागते व उमेदीची वर्षे त्यात खर्ची पडतात. सामान्य आर्थिक स्थितीतील कुटुंबांना हा भार विशेष जाणवतो.

यास्तव व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या जोडीने नियमित पदवी पूर्ण करणे हिताचे ठरते. निकाल लांबला, तरी पदवीवर आधारित स्पर्धा परीक्षा व नोकऱ्यांचा मार्ग खुला राहतो. मित्र निवडतात म्हणून किंवा प्रतिष्ठेखातर नव्हे, तर कामाचे स्वरूप, लागणारा काळ आणि आपली तयारी यांचा मेळ घालून केलेली निवडच दीर्घकाळ टिकते.