अन्वय-व्यतिरेक आणि घरचा संगणक

रोग एका ठिकाणीं आणि औषध दुसऱ्या ठिकाणीं, असा प्रकार यंत्रांच्या बाबतींत पुष्कळदां घडतो. लोणावळ्यास आमच्या घरीं दहा वर्षांचा एक संगणक आहे. विंडोज 10 या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपला, आणि विंडोज 11 साठीं लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आमच्या यंत्रांत नव्हती. तेव्हां दिवाळीस पुण्याहून आलेल्या पुतण्याच्या सल्ल्यानें, विनामूल्य मिळणारें लिनक्स त्यावर बसवावें असें ठरलें.

त्या संगणकांत आमच्या मातोश्रींच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या सुमारें 400 ओव्या होत्या. मातोश्री आज नाहींत, आणि त्या ओव्या अन्यत्र कोठेंही लिहिलेल्या नव्हत्या. "काका, 'संपूर्ण डिस्क पुसा' हेंच निवडतों," असें पुतण्या म्हणाला, तेव्हां आम्हीं त्याचा हात धरला. प्रथम ओव्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती शेजाऱ्यांच्या संगणकावर उघडून पाहिली, आणि मगच अनुज्ञा दिली.

अर्ध्या वाटेवर काम थांबलें व त्रुटीची सूचना झळकली. जुनी प्रणाली पुसली गेली, नवी आली नाहीं. संगणकाचा त्रिशंकु झाला! "डिस्क गेली, नवी घेऊं," असा पुतण्यानें निकाल दिला.

येथें आमचें जुनें तर्कशास्त्र उपयोगी पडलें. कारण असतां कार्य घडतें, हा अन्वय. कारण नसतां घडत नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही पाहिल्यावांचून कारण ठरवूं नये, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तोच पेनड्राइव्ह शेजाऱ्यांच्या संगणकास लावून, कांहीं न बसवितां, त्यांतील फायलींची केवळ तपासणी करविली. दोष तेथेंही दिसला. म्हणजे आमची डिस्क नसतांही दोष होताच! मग तीच मूळ फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवर चढविली, दोष कायम. संशयास जागा उरली ती त्या फाईलपुरतीच.

अशा फाईलबरोबर प्रकाशक बहुधा 64 अक्षरांची एक खूण देतात; तीस शा-256 म्हणतात. फाईलमध्यें तिळभर फेर पडला तरी खूण सर्वस्वी निराळी येते. ताडून पाहतों तों पहिल्या अक्षरापासूनच फरक! फाईल उतरत होती त्या रात्रीं परतीच्या पावसाच्या गडगडाटांत दोनदां वीज गेली होती. लोणावळ्याच्या तलावांचें पाणी खोपोलीस नेऊन 1915 पासून मुंबईस वीज पुरविली गेली. पण पाऊस आला कीं आमच्या घरचा दिवा अजून डोळे मिचकावतोच.

दुसऱ्या दिवशीं फाईल पुन्हां उतरवून घेतली, खूण ताडली, आणि त्याच 'गेलेल्या' डिस्कवर तासाभराच्या आंत लिनक्स नांदूं लागलें. नव्या डिस्कचा खर्च वांचला, व घाईचा निकाल कसा फसतो तें पुतण्यास कळलें.

परंतु वाचकहो, एक दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. इतकीं वर्षें मातोश्रींच्या ओव्यांची एकच प्रत आम्हीं त्या डिस्कवर निश्चिंतपणें ठेवली होती. त्याच दिवाळींत ओव्यांच्या दोन छापील प्रती काढविल्या. एक आमच्या देवघराजवळच्या कपाटांत आहे, दुसरी पुण्यास पुतण्याच्या घरीं.