पोर्ट वाइनची तोंडओळख



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने मद्यावर बोलावे, हे काहींना खटकेल. प्यावे की पिऊ नये, हा आजचा विषय नव्हे. एखादी वस्तू कशी बनते, कोणाच्या हातून बनते आणि तिचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे पाहण्यास पोर्टसारखे उदाहरण क्वचितच मिळेल. म्हणून हा विषय निवडला.

गोव्यात मिळणारी ‘पोर्ट’ नावाची गोड, स्वस्त बाटली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तेथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, तेव्हा नाव ओळखीचे असणे साहजिकच आहे. परंतु खरी पोर्ट ती नव्हे. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालातील दौरो नदीच्या खोऱ्यातच होते. नदीच्या मुखाशी पोर्तो हे बंदर आहे. त्याचेच नाव या मद्याला मिळाले. द्राक्षे मात्र बंदरापासून बरीच आत, स्पेनच्या सरहद्दीपर्यंत पसरलेल्या डोंगरउतारांवर पिकतात. तेथे माती थोडी आणि थराथरांचा शिस्ट दगड फार. तो फोडून, बांध रचून माणसांनी पायऱ्यापायऱ्यांची शेते केली आहेत.

आता कृती पाहू. द्राक्षरस आंबतो तेव्हा किण्व त्यातील साखर खाऊन तिचा मद्यार्क करते. सर्व साखर संपली की साधी, कोरडी वाइन होते. पोर्टमध्ये सुमारे निम्मी साखर शिल्लक असतानाच रसात द्राक्षांपासूनच काढलेले ७७ टक्के मद्यार्काचे स्पिरिट ओततात. सुमारे ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, असे ठोकळ प्रमाण आहे. इतक्या कडक द्रवात किण्व मरते, आंबणे थांबते आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि कडकही. तिच्यात साधारणतः १९ ते २२ टक्के मद्यार्क असतो.

आंबण्यास जेमतेम दोनतीन दिवस मिळत असल्याने तेवढ्यातच सालींतून रंग आणि तुरटपणा उतरवावा लागतो. त्यासाठी दगडी हौदात स्त्रीपुरुष रांगा धरून तासन्‌तास पायांनी द्राक्षे तुडवत. पायाखाली साल चिरडते, पण बी फुटत नाही. बी फुटली तर रस कडू होतो. आज बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रे करतात, तरी काही मळ्यांत पाय अजून चालतात.

पोर्टच्या प्रकारांची नावे ऐकून नवखा माणूस गोंधळतो. एक खूणगाठ बांधावी : मद्य कशात मुरले, लाकडात की काचेत? लाकडी पिंपातून थोडी हवा आत जाते. तिच्यामुळे तांबडा रंग फिका होत होत पिंगट होतो आणि अक्रोड, सुके अंजीर यांची आठवण देणारी चव येते. ही ‘टॉनी’. तिच्या बाटलीवरचे १०, २०, ३० किंवा ४० हे आकडे मिश्रणाच्या मुरलेपणाचा दर्जा सांगतात. आतला प्रत्येक थेंब तेवढाच जुना असतो असे नव्हे. एकाच वर्षीच्या द्राक्षांची, किमान सात वर्षे पिंपात ठेवलेली टॉनी म्हणजे ‘कोल्येता’.

दुसरे घराणे तांबड्या रंगाचे. थोडी वर्षे मोठ्या पिंपांत वा टाक्यांत ठेवून, ताजी फळचव राखून बाटलीत भरतात ती ‘रुबी’. नवख्याने येथून आरंभ करावा. ‘व्हिंटेज’ ही एकाच उत्तम वर्षाची. ती दोनतीन वर्षांत बाटलीत जाते आणि पुढे कित्येक दशके काचेतच मुरते. अशी वर्षे दरसाल येत नाहीत. १९६३, १९९४ आणि २०११ ही त्यांतली नावाजलेली. बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, म्हणून हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी लागते. ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरतात; ती स्वस्त आणि लवकर पिण्याजोगी. याशिवाय पांढरी पोर्टही असते. उघडलेली जुनी व्हिंटेज दोनतीन दिवसांत संपवावी. टॉनीने हवा आधीच सोसलेली असल्याने ती थंड जागी काही आठवडे टिकते.

प्रकार कोणताही घ्या, त्यात वाट पाहणे आलेच; आणि वाट पाहण्याला भांडवल लागते. १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांशाने कमी केला आणि व्यापार फोफावला. भेसळ वाढली, भाव कोसळले. मग १७५६ मध्ये पोंबाल या मंत्र्याने सरकारी मक्त्याची कंपनी काढून दौरोची हद्द ठरवली व दगडी खांब रोवून ती आखली. भेसळीला आळा बसला; पण त्या मक्त्याविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तोत गुत्तेवाले व गोरगरीब उठले, तेव्हा अनेकांना फासावर जावे लागले.

पुढे १९२६ च्या कायद्याने निर्यातीची पोर्ट पोर्तोसमोरच्या गाया गावातील वखारींतूनच जावी असे ठरले, आणि हे बंधन १९८६ पर्यंत टिकले. वखार व्यापाऱ्याची, डोंगरावरच्या लहान शेतकऱ्याजवळ ना वखार, ना वर्षानुवर्षे माल अडवून ठेवण्याची ताकद. आजही प्रत्येक मळ्याला त्याच्या दर्जानुसार दरवर्षी ठरवून मिळते, की त्याच्या किती रसाची पोर्ट करता येईल. उरलेली द्राक्षे साध्या वाइनसाठी कमी भावात जातात.

संपात घरी दोन महिन्यांचे धान्य असलेला टिकतो, नसलेला वाकतो. दौरोतही तेच झाले. ज्याला थांबता आले त्याच्या घरी माल मुरला. ज्याला थांबता आले नाही त्याने तोडणीच्या दिवसांतच मिळेल त्या भावाने द्राक्षे दिली. १९८६ नंतर काही मळेवाले स्वतःच्या नावाने बाटल्या भरून थेट परदेशी पाठवू लागले, ही समाधानाची गोष्ट. बाटलीवरचे ‘२० वर्षे’ हे शब्द वाचताना, ही वीस वर्षे कोणाला परवडली, एवढे आपण विचारावे.