काटा शून्यावर आहे, पण खरा आहे का?



गेल्या महिन्यातली गोष्ट. सोसायटीच्या काट्यावर मासळी घालायला एक मावशी आल्या. टबाबरोबर पिशवीत मिठाचे पाच पुडे. मला वाटलं बाजार करून आल्या असतील. मासळी चढवायच्या आधी त्यांनी ते पुडेच काट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी भाऊ, बघा की किती दाखवतंय."

एक एक किलोचे पाच पुडे, एकही न फोडलेला. आकडा आला ४ किलो ८६० ग्रॅम.

प्लास्टिकचं वजन धरलं तर पाचाच्या थोडं वरच यायला पाहिजे. मावशी याआधी दोनदा बोलल्या होत्या, "घरातनं तोलून आणलेली मासळी इथं कमी भरतीय." मी "ओली मासळी निथळते मावशी" म्हणून सोडून दिलं होतं. निथळते हे खरं, पण मीठ काही निथळत नाही!

हिशेब करून बघा. पाच किलोला १४० ग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या टबाला ७०० ग्रॅम. समजा रोहू-कटला १४० रुपये किलोनं गेला, तर एका टबामागे ९८ रुपये. रोजचे दोन टब घालणाऱ्या घराचा आठवड्याचा किराणा त्यातनं निघतो. काटा परक्या कुणाचा नव्हता, आपल्याच सोसायटीचा होता, म्हणून हे लिहितोय.

आधी काटा चालतो कसा ते समजून घेऊ. जुन्या तराजूत एका पारड्यात माप, दुसऱ्यात माल. दांडी झुकली की डोळ्याला दिसायचं. इलेक्ट्रॉनिक काट्यात तसं काही दिसत नाही. ताटाखाली बहुतेक अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. वजन पडलं की तो अगदी किंचित वाकतो, डोळ्याला कळणार नाही इतका. त्याला बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या ताणल्या गेल्या की विजेला होणारा अडथळा बदलतो. तो बदल मोजून काटा आकडा दाखवतो. म्हणजे काटा वजन मोजत नाही, वाकणं मोजतो. ठोकळ्याला नीट वाकू दिलं नाही, तर आकडा चुकणारच.

आमच्याकडे तेच झालं होतं. ताट उचलून बघितलं तर खाली चिखल, खवले आणि बारीक खडी साचून दगडासारखं घट्ट झालेलं. टबाचा थोडा भार लोड सेलवर न जाता त्या थरावरून सरळ चौकटीवर उतरत होता. रिकामा काटा मात्र शून्यच दाखवायचा. आम्ही रोज शून्य बघून समाधानी. साफ करून तेच पुडे परत ठेवले, ५ किलो २० ग्रॅम आले.

काट्यावर सरकारी शिक्का होता, मुदतीतला होता. शिक्का म्हणजे तपासणीच्या दिवशी काटा बरोबर होता, एवढंच. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी वर्षातनं एकदा करून घ्यावी लागते. शिक्क्यावर ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात, अक्षर तिमाहीचं. काट्याला तार घालून सील केलेलं असतं. दुरुस्तीसाठी ते तोडलं तर परत तपासणी होईपर्यंत त्यावर तोलायचं नाही. कायदा २००९ चा आहे. खात्याला महाराष्ट्रात वैधमापनशास्त्र म्हणतात, आपल्याकडे कन्नड पाटीवर कानूनू मापनशास्त्र इलाखे असं असतं.

काट्याच्या पट्टीवर इंग्रजीत मॅक्स, मिन आणि लहान ई लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ मॅक्स ३० किलो, मिन १०० ग्रॅम, ई ५ ग्रॅम. मॅक्सच्या वर तोलायचं नाही. टब आपटून ठेवला तर ठोकळा कायमचा वाकतो, हे आमच्या पोरांना शंभरदा सांगून झालंय. मिनच्या खाली तोललेलं भरवशाचं नाही. वापरात असलेल्या अशा काट्याला २० किलोवर साधारण १५ ग्रॅमपर्यंत चूक माफ आहे. त्यामुळं "मशीन आहे, पाव-अर्धा किलो इकडं तिकडं व्हायचंच" असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका.

घरच्या घरी किंवा बाजारात तपासायचं तर मीठ-साखरेचे न फोडलेले पुडे चांगले. तेच वजन मधे ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. आकडा सगळीकडे जवळपास तोच यायला हवा. कोपऱ्याला बदलला तर ताट कुठंतरी टेकतंय किंवा काटा सपाट जागेवर नाही. एक किलोला बरोबर दाखवणारा काटा वीस किलोला चुकू शकतो, म्हणून जेवढं रोज तोलता तेवढ्याच्या आसपास तपासा.

आता मुद्दाम होणारी गडबड. टेअरचं बटण टबाचं वजन वजा करायला असतं. व्यापारी त्याचा बर्फाचा जड ओला टब ठेवून टेअर मारतो, आणि तुमची मासळी हलक्या टबात तोलतो. फरक तुमच्या मासळीतनं जातो. ज्या टबात मासळी, तोच टब रिकामा तोलायला लावा. आणि ताट रिकामं असताना आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसलं तर थांबवा, आधी शून्य करायला सांगा. भांडायची गरज नाही, नुसतं बघत उभं राहिलं तरी पुरतं बघा.

हीच नजर स्वयंपाकघरात पण लागते. घरगुती सिलिंडरमधे गॅस १४.२ किलो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. समजा १५.८ लिहिलंय, तर भरलेली ३० किलो भरली पाहिजे. घ्यायच्या वेळीच तोलून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. वरच्या पट्टीवर इथं पण ए, बी, सी, डी आणि वर्ष असतं, ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. डी म्हणजे डिसेंबर.

काही सभासदांनी विचारलं की नवा काटा, जाळं किंवा होडीचं इंजिन खराब निघालं तर आपण ग्राहक धरतात का, आपण तर धंद्यासाठी घेतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. आपण ग्राहकच. आणि आपल्या सीमाभागाला उपयोगाची गोष्ट म्हणजे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. बाचीच्या पुढं शिनोळी लागली की महाराष्ट्र. तिथं किंवा कोल्हापुरात घेतलेल्या मालाची तक्रार बेळगावच्या ग्राहक आयोगात चालते. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघा, बरीच कामं तिथंच मिटतात. पण पक्कं बिल पाहिजे. "बिल नको, दोनशे कमी करतो" याला आपण सगळेच भुलतो, मी पण भुललोय.

राहिला आपल्या काट्याचा प्रश्न. घट कधीपासून होती हे कुणालाच सांगता येत नाही. जास्तीची मासळी गेली व्यापाऱ्याकडं, आणि तो म्हणतो, "तुमच्याच काट्यावर घेतली, माझा काय दोष?" त्याचंही चुकीचं नाही. शेवटी बैठकीत ठरलं की मावशींनी पहिल्यांदा तक्रार केली त्या दिवसापासूनची घट सोसायटीच्या कमिशनमधनं भरून द्यायची. वहीतले आकडे काढलेत, टबामागे किती येतात ते ऑफिसात लावलंय. आपलं नाव आणि तारखा बघून घ्या, चूक असेल तर या महिनाअखेरपर्यंत सांगा.

काट्याशेजारी आता शिक्क्याची २० किलोची मापं ठेवलीत. मासळी चढवायच्या आधी कुणीही ठेवून बघा, विचारायची गरज नाही. मिठाचे पुडे आणलेत तरी चालेल.

आपला,
सेक्रेटरी, उचगाव