गर्भपाताच्या गोळ्या आणि गर्भलिंगनिदान : दोन कायद्यांतील गफलत

नांदेड किंवा लातूर शहरातील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात, तर एक पाटी दिसेल : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी लावणे सक्तीचे आहे. पण ती वाचून अनेकांचा भलताच समज होतो, की गर्भपात हाच गुन्हा आहे. आपल्या वर्गातील अकरावी-बारावीच्या मुलामुलींना विचारून पाहा. हा गैरसमज निरुपद्रवी नाही. तो कसा झाला आणि विज्ञान त्याबद्दल काय सांगते, ते पाहू.

मुळात येथे दोन वेगळे कायदे आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी केलेला गर्भपात हा गुन्हा होता. त्यामुळे चोरून, अघोरी उपाय होत आणि स्त्रिया दगावत. १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला व १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, कायद्यातील कारणे असतील तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची लागत नाही.

दुसरा कायदा मुलींच्या घटत्या संख्येमुळे आला. गर्भजलपरीक्षेच्या दुरुपयोगावर १९८८ साली पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने. १९९४ साली केंद्राने तो देशासाठी केला आणि २००३ साली त्याची व्याप्ती वाढवली. हा कायदा लिंगनिदानाला व लिंगनिवडीला बंदी करतो, गर्भपाताला नव्हे.

आता गोळ्यांकडे वळू. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर टिकवून ठेवते. मिफेप्रिस्टोन हे औषध पेशींतील प्रोजेस्टेरॉनच्या जागा अडवते; कुलपात दुसरीच किल्ली अडकावी तसे. त्यामुळे अस्तर सुटू लागते. एक-दोन दिवसांनी दिलेल्या मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भाशय आकुंचन पावते व गर्भ बाहेर पडतो. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ साली मान्यता मिळाली. आज या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात. मनाने घेतल्यास धोका आहे : गर्भ नळीत रुजला असेल तर गोळ्या निरुपयोगी ठरतात, आणि रक्तस्राव वाढला तर रुग्णालय गाठावे लागते.

हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे 'नऊ आठवडे' भरतात तेव्हा गर्भाचे खरे वय सातच्या आसपास असते. त्या वेळी मुलगा व मुलगी यांची बाह्य जननेंद्रिये एकसारखीच असतात. सोनोग्राफीत फरक खात्रीने दिसतो तो साधारण तेरा-चौदा आठवड्यांनंतर. गर्भजलपरीक्षा पंधराव्या आठवड्यानंतर होते. आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएवरून लिंग आधी कळू शकते खरे, पण तसे सांगणेही त्याच कायद्याने गुन्हा आहे. थोडक्यात, सोनोग्राफीत लिंग दिसू लागते तेव्हा गोळ्यांची मुदत उलटून गेलेली असते.

तरीही दोन्हींची सांगड घातली गेली. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या जेमतेम ८०७. २०१२ साली त्याच जिल्ह्यातील परळी येथे लिंगनिवडीसाठी केलेल्या गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला. गर्भ सुमारे सहा महिन्यांचा होता, म्हणजे गोळ्यांच्या मुदतीच्या कितीतरी पलीकडचा. पण त्या काळात राज्यभर औषध दुकानांची तपासणी कडक झाली आणि चौकशीचा ससेमिरा नको म्हणून अनेक विक्रेत्यांनी या गोळ्या ठेवणेच बंद केले.

किंमत मोजावी लागते ती गरजू स्त्रीला. किनवट किंवा माहूरच्या वाडीवरून नांदेडला जायचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत पाच-सहा आठवडे गेलेले असतात; पुढच्या तीन आठवड्यांत गोळी मिळाली नाही, तर शस्त्रक्रिया उरते किंवा गावातला भोंदू. लिंगनिदान करणारा मात्र यातून सुटतो, कारण त्याचे काम यंत्रावर चालते, गोळीवर नव्हे.

वर्गात एक साधा उपक्रम घेता येईल. फळ्यावर १ ते २४ आठवड्यांची रेघ ओढा. नववर 'गोळ्यांची मर्यादा', चौदावर 'सोनोग्राफीत लिंग दिसते', वीस व चोवीसवर कायद्याच्या मर्यादा लिहा. मग विद्यार्थ्यांना विचारा : मुली वाचवायच्या तर पहारा कोठे हवा? उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्या.