इश्तर आणि शुक्र : एका ग्रहाचे दैवतीकरण

दक्षिण इराकमधील उरुक या नगरीत इआन्ना मंदिराच्या परिसरात ज्या आद्य मृत्तिकापट्टिका सापडल्या, त्यांचा काळ इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरचा आहे. बहुतेक पट्टिका म्हणजे धान्य, मेंढरे आणि कापड यांचे रूक्ष हिशेब होत. तथापि त्यांतील काही नोंदींत इनान्ना या देवतेच्या चिन्हासोबत 'सकाळ' व 'संध्याकाळ' या अर्थाची चिन्हे आढळतात आणि या दोन रूपांना अर्पण केलेल्या वस्तूंची नोंद केलेली दिसते. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला देवताशास्त्र सांगावयाचे नव्हते. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते. सकाळी पूर्वेस आणि संध्याकाळी पश्चिमेस दिसणारी ही देवता म्हणजे शुक्र होय, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही.

या जोडणीमागील आकाशातील वस्तुस्थिती प्रथम ध्यानात घेणे अवश्य आहे. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांहून अधिक दूर जात नाही. त्यामुळे तो मध्यरात्री डोक्यावर कधीच येत नाही. सुमारे साडेआठ महिने तो सायंकाळी दिसतो, मग थोडे दिवस अस्तंगत होऊन पहाटे उगवू लागतो. पहाटेचा साडेआठ महिन्यांचा काळ संपल्यावर पुन्हा सुमारे दोन महिने लुप्त होतो. हे चक्र सरासरी ५८४ दिवसांचे असून अशी पाच चक्रे आठ वर्षांत, केवळ अडीच दिवसांच्या फरकाने, पूर्ण होतात. दोन वेळांचे दोन तारे हा एकच ज्योती आहे हे ओळखण्यास दीर्घ निरीक्षण लागते. होमरच्या काव्यात पहाटेच्या व सायंकाळच्या ताऱ्यांना निरनिराळी नावे आहेत, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

इनान्ना, आणि तिचेच अक्कदी रूप इश्तर, ही एकाच वेळी प्रणयाची आणि युद्धाची देवता. सायंतारा प्रणयाचा व प्रभाततारा युद्धाचा, अशी सुबक विभागणी करण्याचा मोह अभ्यासकांना वारंवार पडला आहे. काही ज्योतिषलेखांत शुक्र सायंकाळी स्त्री व पहाटे पुरुष मानला आहे हे खरे. परंतु सर्व लेख या बाबतीत एकमुखाने बोलत नाहीत. इनान्नाच्या पाताळगमनाच्या कथेतही ती मृतांच्या लोकी गेल्यावर तिची दासी तीन दिवस व तीन रात्री वाट पाहते, यावरून शुक्राच्या अस्ताशी कथेचा संबंध जोडला जातो. साम्य आकर्षक आहे. पुरावा मात्र अपुरा. शुक्राचा लहान अस्त ऋतुमानाप्रमाणे कधी दोन-तीन दिवसांचा, तर कधी दोन आठवड्यांहूनही अधिक असतो, आणि कथेत ताऱ्याचा स्पष्ट उल्लेख नाही.

याहून भक्कम आधार कुलसंबंधाचा आहे. चंद्रदेव नान्ना (सिन) हा इनान्नाचा पिता आणि सूर्यदेव उतु (शमश) तिचा बंधू. सूर्यचंद्रांच्या खालोखाल आकाशात तेजस्वी असणारा शुक्रच होय. चंद्रकोर, सूर्यबिंब आणि अष्टकोनी तारका ही त्रयी बाबिलोनच्या कस्सी राजांच्या दानशिलांवर एकत्र कोरलेली आढळते. इसिनचा राजा इद्दिन-दगान याच्या स्तोत्रात तर देवतेला निनसिआन्ना या शुक्रवाचक नावानेच आळविले आहे. इतर ग्रहांची गोष्ट वेगळी. गुरू मर्दुकाचा, मंगळ नेर्गलाचा, शनी निनुर्ताचा, बुध नबूचा, ही वाटणी बऱ्याच अंशी विद्वान पुरोहितांनी घडविलेली दिसते. बुधाचा संबंध निनुर्ताशीही जोडलेला आढळतो. शुक्राचे दैवतीकरण पूजेतून झाले, इतरांचे बव्हंशी ग्रंथांतून, असे म्हणण्यास हरकत नसावी.

देवतेचा ग्रह म्हणून शुक्रावर पाळत ठेवली गेली आणि त्या पाळतीचे मोल आज इतिहासकारांना द्यावे लागत आहे. 'एनूमा अनू एन्लिल' या शकुनग्रंथाच्या ६३ व्या पट्टिकेत शुक्राच्या २१ वर्षांतील उदयास्तांचे मास व तिथी दिल्या असून प्रत्येकापुढे पाऊस, पीक, युद्ध यांविषयीचा शकुन जोडला आहे. १९१२ मध्ये कुग्लर या जर्मन पंडिताने तीतील सुवर्णसिंहासनाच्या उल्लेखावरून ते वर्ष हम्मुराबीनंतरचा चौथा राजा अम्मिसदुका याचे आठवे वर्ष असल्याचे दाखविले. परंतु शुक्राचे उदयास्त चांद्रमासाच्या त्याच तिथींवर ५६ किंवा ६४ वर्षांनी पुन्हा येतात. त्यामुळे राज्यारंभ इ. स. पू. १७०२, १६४६ की १५८२ हा प्रश्न केवळ गणिताने सुटत नाही. शिवाय निनेव्हे येथे मिळालेली प्रत मूळ वेधांनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेली, लेखनदोषांनी भरलेली, आणि तिचा काही भाग तर प्रत्यक्ष वेधांचा नसून ठरीव आकड्यांचा आहे. आनातोलियातील इमारतींच्या लाकडांच्या वर्षवलयांवर व किरणोत्सर्गी कार्बनवर आधारलेले जे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते १६४६ वा त्याहून आठ वर्षे अलीकडच्या १६३८ या वर्षांस अनुकूल आहेत. बाबिलोनच्या पतनाची तिथी यावर अवलंबून असल्याने हा वाद केवळ ज्योतिष्यांचा राहिलेला नाही.

वेधातील चूक किती गंभीर मानली जाई हे असीरियाच्या राजदरबारातील पत्रांवरून कळते. इ. स. पू. सातव्या शतकातील एका पंडिताने, शुक्र दिसल्याची वार्ता ज्याने राजास कळविली त्याची, अज्ञ व लबाड अशा शब्दांत संभावना केली आहे. त्या मनुष्याने बहुधा बुधालाच शुक्र समजले होते.

ही कल्पना पुढे पश्चिमेकडे गेली. प्लेटोच्या नावावर असलेल्या 'एपिनोमिस' या संवादात शुक्रास आफ्रोदितीचा तारा म्हटले असून हे ज्ञान परकीयांकडून आल्याचे मान्य केले आहे. स्त्रीत्व हा मात्र शुक्राचा स्वभावधर्म नव्हे. मध्य अमेरिकेतील माया लोकांनी याच ५८४ दिवसांच्या चक्राचे २३६, ९०, २५० व ८ असे भाग पाडले आणि पहाटेच्या शुक्राला भाला फेकणाऱ्या पुरुषदेवतांच्या रूपात रंगविले. भारतातही शुक्र हा पुरुष, असुरांचा गुरू. असे असूनही वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त चंद्र व शुक्र यांची गणना स्त्रीग्रहांत केलेली आहे. पुराणातील भार्गवाशी हे जुळत नाही, ग्रीक फलज्योतिषाशी मात्र पूर्णपणे जुळते. मराठीत रूढ असलेल्या 'शुक्राची चांदणी' या प्रयोगावरून असाच निष्कर्ष काढणे उचित होणार नाही, कारण चांदणी हा शब्द कोणत्याही ताऱ्यास लागला तरी स्त्रीलिंगीच राहतो.