वसईचे चर्च आणि देवळांतील घंटा

भिलाई हे वयाने लहान शहर. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याभोवती सेक्टर वसले आणि पुढे हुडकोसारखी वसाहत उभी राहिली. ज्या शहराचा आराखडा आधी कागदावर उतरला आणि मग जमिनीवर, त्या शहरातील रहिवाशांना, जेथे आज केवळ अवशेषच उरले आहेत अशा एखाद्या शहराचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. हुडकोतील अनेक मराठी कुटुंबे सुटीत हावडा-मुंबई मार्गाने मुंबईस जातात. तेथून पश्चिम रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असेच एक शहर आहे. ते म्हणजे वसईच्या किल्ल्यातील जुने वसई.

तटाच्या आतले शहर

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. सामान्यतः किल्ला म्हटला म्हणजे डोंगर, बुरूज आणि शिबंदी डोळ्यांपुढे येते. वसईचा किल्ला मात्र सपाट भूमीवर, खाडीच्या मुखाशी, एका संपूर्ण नगराला कवेत घेऊन उभा आहे. तटाच्या आत रस्ते होते, चौक होता, रुग्णालय होते, सरदारांचे वाडे होते आणि निरनिराळ्या ख्रिस्ती संघांची चर्च व मठ होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाचे स्वतंत्र चर्च आणि त्याला लागूनच धर्मगुरूंचे निवासस्थान, अशी रचना येथे दिसते.

१५४६ साली बांधलेल्या संत जोसेफ यांच्या मुख्य चर्चचा विस्तार १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत झाला. तसा शिलालेख तेथे आहे. या चर्चचा उंच मनोरा आजही दुरून नजरेत भरतो. फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनी चर्चमध्ये पायाखालची फरसबंदी म्हणजे थडग्यांच्या कोरीव शिळाच आहेत. त्यांवरील घराण्यांची चिन्हे आणि नावे वाचत वाचतच पुढे जावे लागते.

चर्च आणि धर्मगुरूंचे घर

या सर्वांत लक्षवेधी वास्तू म्हणजे ‘होली नेम’ अर्थात येशूच्या पवित्र नामाचे जेझुइट चर्च. आज ते संत गोन्सालो गार्सिया यांचे चर्च म्हणून ओळखले जाते. घडीव काळ्या दगडाचा दर्शनी भाग, मधोमध प्रवेशद्वार, दोन्ही अंगांना उभ्या पन्हळींचे नक्षीदार खांब आणि वर येशूच्या नामाची ‘आयएचएस’ ही तीन अक्षरे, असे त्याचे रूप आहे. वसईचा हा दगड त्या काळी नावाजलेला होता. जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्च जांभ्या दगडाचे असले, तरी त्याच्या दर्शनी भागावरील कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात आहे.

चर्चला लागून जेझुइटांचे निवासस्थान आणि विद्यालय होते. धर्मगुरू तेथे राहत, मुलांना शिकवीत आणि पंचक्रोशीचा कारभारही तेथूनच पाहत. या संघाच्या छायेत शिकलेला एक मुलगा म्हणजे गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत जन्मलेल्या या मुलाचे वडील पोर्तुगीज आणि आई येथलीच होती. तो जपानला गेला, काही काळ त्याने व्यापार केला आणि पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत तो होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत होय.

या वास्तूंची पडझड कशी झाली, हेही समजून घेण्याजोगे आहे. भिंती जाड दगडांच्या आणि चुन्याच्या होत्या. परंतु मुख्य दालनांवरील छपरे लाकडी आणि कौलारू होती. वापर थांबला, लाकूड गेले, कौले गेली आणि कोकणचा पाऊस थेट भिंतींच्या माथ्यावर पडू लागला. सांध्यांतील चुना धुपला आणि त्या फटींत वड-पिंपळांनी मूळ धरले. वेदीवरील दगडी कमानींची छते मात्र काही ठिकाणी अद्याप तग धरून आहेत. वास्तूला शत्रूच्या तोफेहून दुर्लक्ष अधिक जड जाते, याचा हा ढळढळीत पुरावा होय.

१७३९ आणि त्यानंतर

पोर्तुगीज राजवटीत उत्तर प्रांतातील हिंदू प्रजेवर धर्माच्या नावाने जाच झाला. देवळे पाडली गेली. या गाऱ्हाण्यांची पार्श्वभूमी वसईच्या मोहिमेला होती. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला आणि हजारो सैनिकांचे बलिदान देऊन मे १७३९ मध्ये वसई जिंकली. इतक्या रक्तपातानंतरही तहाच्या अटी उदार होत्या. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली.

विजयाची खूण म्हणून मराठा सरदारांनी वसईच्या परिसरातील चर्चच्या घंटा आपापल्या मुलखात नेल्या. नाशिकला गोदावरीकाठी सरदार नारोशंकरांनी १७४७ साली बांधलेल्या रामेश्वर मंदिरावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे वर्ष कोरलेले आहे. ‘नारोशंकराची घंटा’ हे शब्द महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. वाईजवळच्या मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर दुसरी घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे वर्ष असून बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. भीमाशंकराच्या मंदिरापुढील घंटाही याच मोहिमेची आठवण सांगते.

येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. तांबे आणि कथील यांच्या ज्या मिश्रधातूतून घंटा ओततात, जवळपास त्याच मिश्रधातूतून त्या काळी तोफाही ओतल्या जात. प्रमाण तेवढे निराळे असे. युद्धाच्या त्या धामधुमीत या घंटा वितळवून तोफा करणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. ज्या वस्तूने एका देवालयात भक्तांना साद घातली, ती दुसऱ्या देवालयात टांगली गेली. मेरीमातेची आकृतीही कोणी तासून काढली नाही. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा दोर ओढून वाजवितात आणि ती सबंध गावाला बोलावते. देवळात भक्त घंटा वाजवून आपण आल्याची वर्दी देवाला देतो. वाजविण्याची रीत बदलली, तरी वाजविण्यामागील भाव बदलला नाही.

आजची वसई

वसईतील ख्रिस्ती समाज मराठीशी एकरूप झालेला आहे. त्यांच्या घरांत मराठी आणि सामवेदी बोलीची नांदणूक आहे. येथील धर्मगुरू व ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. किल्ल्यातील धर्मगुरूंच्या निवासस्थानी ज्ञानदानाची जी परंपरा सुरू झाली, ती अशा रीतीने मराठीच्या अंगणात बहरली.

वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तेथील दगडांवर नावे कोरणाऱ्या हातांना आणि छायाचित्रासाठी भिंतींवर चढणाऱ्या पावलांना आवर घालणे मात्र कोणत्याही एका खात्याच्या आवाक्यातील नाही. वसई रोड स्थानकावरून किल्ल्याकडे बस व रिक्षा मिळतात. सकाळच्या उन्हात फेरी मारावी, चिमाजी अप्पांच्या स्मारकाला वंदन करावे आणि गोन्सालो गार्सियांच्या चर्चमध्ये घटकाभर शांत उभे राहावे. पुढे कधी नाशिकला जाणे झाले, तर नारोशंकराची घंटाही आवर्जून पाहावी.

बँकेत ठेवलेली ठेव ठेवीदाराची असते, आपण तिचे केवळ राखणदार. मेणवलीच्या घंटेवरील मेरीमाता अशाच राखणदारांमुळे आजवर सुखरूप राहिली. वसईतील दगड पुढील पिढ्यांच्या हाती सोपविणे, हे आता आपल्याकडे आले आहे.